मोटारीची कांच वर कां चढत नाहीं?

यंत्राचा एखादा भाग चालेनासा झाला म्हणजे दोष कोठें उत्पन्न झाला याचा शोध न करतां, जो भाग शेवटीं थांबलेला दिसतो त्याच्यावरच सारा ठपका ठेवून मोकळें व्हावयाचें, ही मनुष्याची जुनी खोड आहे. शिवणयंत्राचा दोरा तुटूं लागला कीं सुईचा दोष, घड्याळ मागें पडूं लागलें कीं स्प्रिंगचा दोष. आणि जुन्या गाडीच्या खिडकीची कांच बटण दाबूनहि वर चढेनाशी झाली कीं दारांतली विजेची मोटर जळली, असा निर्णय तत्काळ दिला जातो. मोटर बदलली जाते. थोडे दिवस कांच सुरळीत चालते आणि कांहीं महिन्यांत पुन्हां तीच रड सुरू होते. अशा वेळीं नव्या मोटरीस नांवें ठेवितात. परंतु चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा दुसरा प्रसंग आहे, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें.

प्रस्तुत लेखांत हा चोर कोण व तो कोठें दडून बसतो, याचा सावकाश विचार करावयाचा आहे. आपल्या भाषेंत 'मोटार' म्हटलें कीं सबंध वाहनच डोळ्यांपुढें उभें राहतें. म्हणून घोटाळा टाळण्यासाठीं वाहनास 'गाडी' व दारांतील लहानशा विद्युत्-यंत्रास 'मोटर' असें पुढें म्हटलें आहे.

खिडकीस वीज कशी आली

खिडकीची कांच हातानें दांडा फिरवून वरखालीं करणें हीच पुष्कळ वर्षें सर्वत्र रीत होती. आपल्याकडील फियाट व अँबॅसडर यांच्या दारांतील तो दांडा वाचकांच्या हाताच्या चांगल्याच परिचयाचा असेल. अमेरिकेंत १९४० च्या सुमारास पॅकार्डसारख्या उंची गाड्यांत हें काम यंत्राकडे देण्यास आरंभ झाला. परंतु त्या पहिल्या योजनेंत प्रत्येक दारांत मोटर नव्हती. विजेवर चालणारा एकच पंप द्रवावर दाब आणी, आणि तो दाब नळ्यांवाटे दारांतील नळकांड्यांपर्यंत पोहोंचून कांच हालवी. या तऱ्हेच्या कित्येक गाड्यांत ब्रेकचें द्रवच वापरीत. जोडणी जुनी झाली कीं तें पाझरे, आणि दाराचा रंग व आंतील कापड दोन्ही खराब करी. १९५१ च्या क्रायस्लर 'इंपीरियल' गाडींत द्रवाची ही उपाधि काढून टाकून केवळ विजेनें चालणाऱ्या खिडक्या दिल्या गेल्या, आणि पुढें हीच पद्धति सर्वत्र रूढ झाली. तरीहि १९६३ सालच्या मर्सिडीज ६०० या थोरामोठ्यांच्या गाडींत मुद्दाम द्रवाच्या दाबाचीच योजना ठेविली होती. कारण तिच्यांतील कांच जवळजवळ नि:शब्दपणें सरके.

आपल्या विवेचनासाठीं याच कारखान्याची दुसरी, अधिक सर्वसामान्य गाडी घेऊं. 'डब्ल्यू १२३' या सांकेतिक नांवाची ही गाडी १९७६ ते १९८६ या काळांत सुमारें २७ लक्ष इतक्या संख्येनें तयार झाली. हातानें फिरवावयाचा दांडा हा तिच्यांतील साधा प्रकार. विजेच्या खिडक्या हव्या असल्यास ज्यादा पैसे मोजावे लागत. तिच्या मागून आलेली 'डब्ल्यू १२४' ही १९९५ पासून पुण्यास जुळविली जाऊं लागली, त्यामुळें या घराण्याशीं महाराष्ट्राचें थोडें नातेंहि जडलें आहे. १९७६ च्या पहिल्या गाड्यांनीं आतां पन्नाशी गांठली आहे. वयोमानानें मनुष्याचे सांधे धरावेत तसेंच या खिडक्यांचें होतें. आणि सांधे धरले म्हणून कोणी हृदय बदलीत नाहीं.

दाराच्या पोटांत काय असतें

मोटरीच्या लोखंडी कवचांत आंतल्या बाजूस दोन कायमचे लोहचुंबक चिकटविलेले असतात. त्यांच्यामध्यें तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असलेला भाग फिरतो; त्यास आर्मेचर म्हणतात. त्याच्या एका टोंकास तांब्याच्या पट्ट्यांचें लहानसें वर्तुळ असतें, तें कॉम्युटेटर. कार्बनचे दोन ब्रश बारीक स्प्रिंगच्या जोरानें त्यावर टेकलेले असतात, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीची वीज त्यांच्याच वाटेनें वेटोळ्यांत शिरते. विजेची दिशा उलटी केली कीं मोटर उलटी फिरते. एकाच मोटरीनें कांच चढतेहि व उतरतेहि, याचें रहस्य एवढेंच आहे.

ही मोटर मिनिटाला हजारों फेरे घेते, परंतु तिचा जोर थोडा असतो. म्हणून तिच्या दांड्यावर मळसूत्री आटे पाडून ते एका दांतेरी चाकांत अडकविलेले असतात. वेग कमी होतो आणि जोर वाढतो. या रचनेचा आणखी एक गुण असा कीं, दांडा चाकास फिरवूं शकतो, पण चाक दांड्यास सहसा फिरवूं शकत नाहीं. म्हणूनच बटण सोडल्यावर कांच आहे तेथेंच राहते, स्वत:च्या भारानें खालीं घसरत नाहीं. चाकापासून पुढें पंख्याच्या आकाराचा दांतेरी पत्रा व लांब बाहू असतात. ही सारी जोडणी म्हणजे रेग्युलेटर. तो कांचेस खालून उचलतो, आणि दोन्ही बाजूंस नमदा बसविलेल्या पन्हळींतून कांच सरकते.

आतां एक सोपा हिशेब करूं. समजा कांचेचें वजन चार किलो आहे व ती चार सेकंदांत अर्धा मीटर वर चढते. नुसतें तेवढें वजन उचलण्यास पांच वॉट शक्ति पुरे. प्रत्यक्षांत मात्र अशी मोटर साधारणपणें पांच ते दहा अँपिअर वीज घेते, म्हणजे साठ ते सव्वाशें वॉट शक्ति खर्च करते. मग उरलेली शक्ति जाते कोठें? कांहीं मोटरीच्या उष्णतेंत, पुष्कळशी मळसूत्राच्या घर्षणांत आणि बाकीची पन्हळींतील नमद्याशीं झगडण्यांत! कांच उचलणें हें या मोटरीचें अगदीं लहान काम असून तिचें खरें आयुष्य घर्षणाशीं भांडण्यांत जातें, हें या हिशेबावरून दिसून येईल. जुन्या गाडींत नमदा ताठरतो, त्यांत धूळ सांठते, ग्रीस वाळतें; शत्रु बलाढ्य होतो आणि दोष मात्र लढणाऱ्यावर येतो.

दार उघडण्यापूर्वीं

रोग्याची नाडी पाहण्यापूर्वीं शस्त्र हातीं घेणें जसें अनुचित, तसेंच दाराचें अस्तर काढण्याची घाई करणेंहि अनुचित होय. पहिली परीक्षा अगदीं सोपी आहे. संध्याकाळीं गाडींतला दिवा लावून खिडकीचें बटण दाबावें. कांच हालली नाहीं, पण दिवा किंचित् मंद झाला, तर वीज मोटरीपर्यंत पोहोंचत आहे आणि अडथळा पुढें आहे असें समजावें. दिवा मुळींच मंद झाला नाहीं तर वीज वाटेंतच कोठें तरी अडली आहे; अर्थात् फ्यूज, बटण, तार किंवा ब्रश यांपैकीं एकाचा दोष आहे.

डब्ल्यू १२३ गाडीचे फ्यूज आजच्यासारखे पात्याचे नसून चिनी मातीच्या लहान कांडीवर धातूची पट्टी बसविलेले, दोन्ही टोंकांस निमुळते असे असतात. पांढरा आठ अँपिअरचा, तांबडा सोळा अँपिअरचा. त्यांपैकीं पुष्कळांची पट्टी ॲल्युमिनियमची असते, आणि वर्षानुवर्षें दमट हवा लागून तिच्या टोंकांवर बारीक थर चढतो. पट्टी तुटलेली दिसत नाहीं म्हणून फ्यूज निर्दोष समजला जातो. वस्तुत: त्याचा संबंध नीट जुळत नसतो. फ्यूज बोटांनीं जागच्या जागीं दोनचार वेळां फिरविला आणि कांच चालूं लागली, तर चोर सांपडला! तेथें तांब्याच्या पट्टीचा त्याच मापाचा फ्यूज घालावा व धरणाऱ्या पितळी चिमट्या स्वच्छ कराव्या. सोळाच्या जागीं पंचवीस अँपिअरचा फ्यूज घालण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. फ्यूज हा पहारेकरी आहे. तो जळला नाहीं तर दारांतील तार जळेल.

त्यानंतर बटण. डाव्या व उजव्या खिडकीचीं बटणें सारख्याच बनावटीचीं असल्यास त्यांची अदलाबदल करून पाहावी. दोष बटणाबरोबर दुसऱ्या खिडकीकडे गेला तर मोटर निर्दोष ठरली. बटणाच्या आंतील तांब्याचे संपर्क प्रत्येक दाबाबरोबर उडणाऱ्या बारीक ठिणगीनें काळवंडतात, आणि तेवढा काळेपणाहि पुरेसा असतो. समजा, अशा खराब संपर्काचा अवरोध एक ओहमचा तिसरा हिस्सा आहे आणि मोटर नऊ अँपिअर वीज मागते. तर वाटेंतच तीन व्होल्ट खर्ची पडले. बारांपैकीं नऊच मोटरीच्या वांट्यास आले. अशी अर्धपोटीं ठेविलेली मोटर रखडत चालली तर त्यांत नवल तें कोणतें?

तिसरी जागा दाराच्या बिजागरीपाशीं. तेथें तारा रबराच्या नळींतून दारांत शिरतात आणि दार उघडतां-मिटतांना दर वेळीं वांकतात. बाहेरून आवरण शाबूत राहून आंतील तांबें तुटतें. बटण दाबून धरावें आणि दुसऱ्यानें दार हळूहळू हालवावें. मध्येंच कांचेनें उसळी घेतली तर दोष तेथेंच आहे.

दार उघडल्यावर

इतकें करूनहि उलगडा झाला नाहीं तर दाराचें अस्तर काढावें. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. अस्तराखालीं प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो फाडून फेकूं नये. कांचेवरून दारांत उतरणारें पावसाचें पाणी अस्तरास लागूं नये म्हणून त्याची योजना आहे, आणि तो नाहींसा झाला कीं पुढच्या पावसाळ्यांत अस्तर कुजूं लागतें.

येथून पुढें दोन धोके आहेत. रेग्युलेटर सोडविल्यावर कांच धाडकन् खालीं येऊं शकते. म्हणून ती वर चढवून पाचर ठोकावी व चौकटीस मजबूत चिकटपट्टीनें बांधावी. दुसरा धोका यापेक्षां मोठा. कांचेचा भार हलका व्हावा म्हणून पुष्कळ रेग्युलेटरांत पिळलेली जोरदार स्प्रिंग असते आणि तिला रोखून धरण्याचें काम मोटरीचें चाक करीत असतें. मोटरीचे स्क्रू काढतांच तो दांतेरी पत्रा विलक्षण वेगानें फिरतो. त्याच्या वाटेंत बोट असेल तर तें तुटण्याचा संभव आहे. म्हणून मोटर काढण्यापूर्वीं पत्रा व त्याच्या मागील पाया हे शिकंज्यानें किंवा आरपार बोल्टानें एकत्र जखडून टाकावे. हें काम पहिल्यानेंच करणाऱ्यानें जाणत्या कारागिरास शेजारीं घेऊन करावें, यांत कमीपणा कांहींच नाहीं.

मोटर बाहेर काढली म्हणजे कांच केवळ हातानें वरखालीं सरकवून पाहावी. ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची असून बहुधा तीच वगळली जाते. दोन्ही हातांच्या बेताच्या जोरानें कांच सरकली पाहिजे. ती जागोजाग अडत असेल, तर मोटर बदलून कांहीं उपयोग नाहीं. खरा अपराधी पन्हळींतील नमदा आहे. पातळ पट्टीस फडकें गुंडाळून पन्हळ स्वच्छ करावी आणि तींत सिलिकॉनचा फवारा मारावा. साधें तेल घालूं नये; त्यानें रबर फुगतें आणि धूळ चिकटून चिखल होतो. नमदा फाटला असेल तर तो नवा बसवावा.

मोटरीचें पोट

आतां मोटर टेबलावर पक्की आंवळून फ्यूज घातलेल्या तारेनें बॅटरीस जोडावी. ती फिरते पण बाहेरचें लहान चाक फिरत नाहीं, असें झाल्यास दोष दांत्यांत आहे. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीच्या १९८० नंतरच्या पुष्कळ गाड्यांत हाच प्रकार नेहमीं घडतो. त्यांच्या मोठ्या चाकांत धक्का शोषण्यासाठीं प्लॅस्टिकचे तीन लहान ठोकळे बसविलेले असतात. वीसपंचवीस वर्षांत त्यांचा भुगा होतो. मोटर गुरगुरते, कांच जागची हालत नाहीं, आणि लोक सबंध मोटर फेकून देतात. वास्तविक सुपारीएवढे तीन तुकडे बदलले कीं तीच मोटर पूर्ववत् चालते.

मर्सिडीजच्या मोटरींत मात्र बहुधा ग्रीसच रुसलेलें असतें. मोटर उघडण्यापूर्वीं कवचावर व जोडावर टोंकदार खिळ्यानें खूण करावी, म्हणजे जुळवितांना उलटसुलट होणार नाहीं. हातोडीचा उपयोग करूं नये. आंतील लोहचुंबक ठिसूळ असतात व एका टोल्यानें त्यांचे तुकडे होतात. वाळून मेणासारखें झालेलें ग्रीस लांकडी काडीनें खरडून काढावें आणि दांते रॉकेलनें धुवून कोरडे करावे. तारेच्या वेटोळ्यांस मात्र रॉकेल लागूं देऊं नये.

कॉम्युटेटर काळा पडला असेल तर अतिशय बारीक पॉलिश पेपरनें तो हळुवार फिरवीत उजळावा, आणि दोन पट्ट्यांमधील खांचांत सांठलेली कार्बनची भुकटी दांतकोरणीनें काढावी. या भुकटीमुळें शेजारशेजारच्या पट्ट्या एकमेकींस जोडल्या जाऊन वीज आडवाटेनें जाते. ब्रश आपापल्या घरांत मोकळेपणीं मागेंपुढें सरकतात कीं नाहीं तें पाहावें. पुष्कळदां ब्रश झिजलेला नसतो, तो नुसता चिकटून बसलेला असतो. दांड्याच्या टोंकांशीं असलेल्या बुशांस तेलाचा एकेकच थेंब द्यावा. ज्यास्त तेल वाहत कॉम्युटेटरवर जातें आणि केलेलें सारें काम वायां जातें. दांत्यांस नवें, प्लॅस्टिकला न खाणारें ग्रीस पातळसर लावून मोटर पुन्हां मिटावी.

वेटोळीं काळीं पडून जळका वास येत असेल, लोहचुंबक फुटला असेल किंवा कॉम्युटेटरच्या पट्ट्या निखळल्या असतील, तर मोटर खरोखरच कामांतून गेली असें समजून दुसरी आणावी. पण हा निर्णय शेवटचा असावा, पहिला नसावा. जुन्या गाडीचे अस्सल भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालले आहेत. एक निर्दोष मोटर भंगारांत गेली कीं ती परत मिळत नाहीं.

मुलांच्या घरीं एवढें विसरूं नये

दुरुस्तीच्या आनंदांत एक गोष्ट दृष्टिआड होण्याचा संभव असतो. कित्येक वर्षें रखडत चालणाऱ्या कांचेला आतां तिचा मूळचा जोर परत मिळालेला आहे. आणि अडथळा लागतांच आपण होऊन मागें फिरण्याची आजच्या कित्येक गाड्यांतील सोय या जुन्या खिडकीस नाहीं. मुलानें खिडकीबाहेर डोकें काढावें, त्याचाच गुडघा बटणावर पडावा आणि कांच वर यावी, अशा प्रकारांनीं परदेशांत बालकांचे प्राण गेलेले आहेत. अमेरिकेंत १९७१ पासून, गाडीची किल्ली फिरविल्याशिवाय अशा खिडक्या साधारणत: चालतां कामा नयेत असा नियम झाला. पुढें १ ऑक्टोबर २०१० पासून, कांच वर नेण्यासाठीं बटण दाबावें न लागतां बोटानें वर ओढावें लागेल अशीच रचना तेथील नव्या गाड्यांस सक्तीची झाली. कारण गुडघा बटण दाबूं शकतो, ओढूं शकत नाहीं. ज्या खिडक्या आपोआप मिटतात त्यांनीं शंभर न्यूटन, म्हणजे सुमारें दहा किलो भाराइतका जोर होण्याच्या आंतच मागें फिरलें पाहिजे, असेंहि बंधन त्या नियमांत आहे. आपल्या पन्नाशीच्या गाडीस यांपैकीं पुष्कळसें ठाऊक नाहीं, आणि तिचीं बटणें तर दोन बैठकांच्या मध्यें, लहान मुलाचा पाय सहज पोहोंचेल अशा जागीं आहेत.

म्हणून दुरुस्ती झाल्यावर कांचेच्या वाटेंत एक काकडी आडवी धरून बटण दाबून पाहावें, आणि घरांतील मुलांनाहि तें दाखवावें. काकडीचे दोन तुकडे झालेले पाहिले म्हणजे निराळ्या उपदेशाची गरज राहणार नाहीं. किल्लीवांचून खिडक्या चालाव्यात म्हणून मोटरीची तार परभारें बॅटरीस जोडून देण्याची युक्ति कोणी सुचविली, तर ती साफ नाकारावी. त्या तारेनें मुलांचें रक्षणच तोडलें जातें. मागील खिडक्यांचीं बटणें बंद ठेवण्याची सोय गाडींत असेल तर ती आधीं दुरुस्त करावी, आणि गाडींतून उतरतांना किल्ली नेहमीं आपल्याजवळ घ्यावी.

फ्यूज, बटण, तार, पन्हळ, ग्रीस, ब्रश आणि सर्वांत शेवटीं मोटर, असा हा चौकशीचा क्रम आहे. यांतील पहिल्या तीन गोष्टींस बहुधा एक संध्याकाळ पुरते व पैसा जवळजवळ लागत नाहीं. पुढील तिहींस एखादा रविवार द्यावा लागेल. घरांतील मोठ्या मुलामुलींस हाताशीं घेऊन हें काम केल्यास, शाळेंतील विजेचा धडा त्यांना दाराच्या पोटांत प्रत्यक्ष चाललेला दिसेल, आणि दोष ठरविण्यापूर्वीं तपासणी करावी लागते हेंहि त्यांच्या नजरेस येईल.